पाठमोरी बदके

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर उजाडला की आपल्या जिल्हा पानावर वाचकांनी काढलेली पक्ष्यांची छायाचित्रे येऊ लागतात. ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह संपला तरी फेब्रुवारीपर्यंत त्यांचा ओघ चालू राहतो. हे चांगलेच आहे. पण महिनाभराची छायाचित्रे कापून एका ओळीत मांडली, तर बहुतेकांत एकच देखावा दिसतो. मामा तलावाचे (जुन्या मालगुजारांच्या काळच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचे) पाणी, त्यावरून उठलेला थवा, आणि थव्यातल्या झाडून साऱ्या पक्ष्यांच्या शेपट्या आपल्याकडे. खाली ओळ असते, ‘पाहुण्या पक्ष्यांची मुक्त भरारी’. कुणीतरी कॅमेरा घेऊन पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चालत आले म्हणून ते पक्षी जागा सोडून पळाले, एवढाच त्या भरारीचा अर्थ. पक्षी आपण होऊन उडतो तेव्हा तो माणसाकडे पाठ करूनच उडेल असे काही नाही. दहापैकी नऊ पाठमोरे असतील तर ते उडवलेले आहेत, हे धरून चालावे.

अशा छायाचित्रकाराला दोष देऊन भागत नाही, कारण त्याला कुणी पद्धत सांगितलेली नसते. नागझिरा, ताडोबा, पेंचला फाटक आहे, गाईड आहे, खाली उतरू नका म्हणून सांगणारा आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी जायचे तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली परवानगी लागते. पूर्व विदर्भातल्या हजारो मामा तलावांना आणि बोड्यांना (लहान तळ्यांना) मात्र फाटक नाही. तिथे मोटारसायकल थेट पाळीवर चढते. हिवाळी बदके मात्र मोठ्या संख्येने उतरतात ती याच गावतलावांवर. तिथे कुणी अडवत नाही म्हणून कायदाही नाही असा समज आहे. तो चुकीचा आहे. १९७२ च्या या कायद्यातली शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही. वन्यप्राण्याला हुसकावणे, आमिष दाखवणे, पक्ष्याच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणे हेही तीत येते, आणि ते अभयारण्याबाहेरही लागू आहे. टाळ्या वाजवून, दगड टाकून थवा उठवणाऱ्यांनी हे एकदा वाचावे.

मुळात जवळ जायची गरज किती, याचा हिशेब कुणी करत नाही. ६०० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावर, किंवा ४०० ची लेन्स लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लावली, तर ३० मीटरवर चौकटीत सुमारे पावणेदोन मीटर रुंदी मावते. पाऊण मीटरचा पट्टकादंब हंस तिथे चौकटीचा चाळीस टक्के भाग व्यापतो. १०० मीटरवर तीच रुंदी सहा मीटर होते आणि ३६ सेंटिमीटरचा चक्रांग, आपल्याकडच्या पाहुण्यांतले सर्वांत लहान बदक, चौकटीच्या सोळाव्या हिश्शाएवढा उरतो. पडद्यावर तो ठिपका दिसतो, आणि इथेच माणूस उठून चालू लागतो. पण २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चौकट सहा हजार पिक्सेल रुंद असते. त्या ठिपक्याला साडेतीनशेच्या वर पिक्सेल मिळालेले असतात. वर्तमानपत्रातले दोन कॉलमी, दहा सेंटिमीटर रुंदीचे चित्र इंचाला २०० ठिपक्यांनी छापले तर एकूण आठशेच पिक्सेल लागतात. म्हणजे १०० मीटरवरून टिपलेला चक्रांग कापून घेतला तर छापील चित्राची जवळजवळ निम्मी रुंदी व्यापतो. यापेक्षा मोठा तो आपल्या पानावर लागतोच कशाला?

तरीही लांबून काढलेले फोटो पिठूळ येतात, ही तक्रार खरी आहे. त्याला कारण हवा. रात्रभर गारठलेली पाळ, मुरुमाचा रस्ता, कापलेल्या धानाच्या बांध्या या साऱ्या ऊन पडल्यावर तासा-दीड तासात तापतात. जमिनीलगतची ऊन हवा वर उठते, वरची गार हवा खाली येते, आणि त्या थरांतून येणारा उजेड वेडावाकडा वळतो. उन्हाळ्यात डांबरावर पाणी दिसते, तोच हा खेळ, फक्त थोडा कमी. डोळ्यांना जाणवत नाही, पण ६०० मिलिमीटरमधून शंभर मीटर पाहिले की पिसांच्या रेषा विरघळतात. लेन्सचा फोकस बिघडला म्हणून ती नागपूरला दुरुस्तीला पाठवणारे आहेत. तिथून ती ‘ठीक आहे’ म्हणून परत येते आणि फोटो पुन्हा तसेच. याची परीक्षा सोपी आहे. पलीकडच्या काठावरच्या एखाद्या झाडाचे खोड व्ह्यूफाइंडरमध्ये मोठे करून पाहावे. खोडाची कड नागमोडी लवलवत असेल तर त्या दिवशी शंभर मीटर विसरावे. शटर वाढवून, आयएसओ बदलून किंवा महागडी लेन्स आणून यावर इलाज होत नाही.

उपाय वेळेचा आहे. सूर्योदयापासून साधारण नऊपर्यंतची हवा बहुधा चांगली असते. ढगाळ दिवशी दिवसभर चालते. कडाक्याच्या थंडीत पहाटे पाण्यावरून वाफ उठते, कारण पाणी रात्रीची ऊब धरून असते आणि वरची हवा गार झालेली असते. ती वाफ विरेपर्यंत दूरचे टिपू नये, धुक्याचाच फोटो काढावा. गाडीतून काच उघडून टिपतानाही हाच दोष येतो. गाडीतली ऊन हवा खिडकीतून बाहेर पडते आणि बरोबर लेन्ससमोर तरंगते. हीटर बंद, काचा आधीच उघड्या आणि दहा मिनिटे थांबणे, एवढे केले तर तो जातो. लेन्सच्या लांब हूडमध्येही कधी कधी हीच हवा घुटमळते. ऊबदार पिशवीतून लेन्स काढून लगेच फोटो मऊ आले तर हूड काढून एकदा पाहावे. आणि शे-दोनशे रुपयांचा फिल्टर ५००-६०० मिलिमीटरच्या लेन्ससमोर लावायचा असेल, तर वरचे सगळे वाचले नाही तरी चालेल.

आता बसायचे कुठे? कॅमेऱ्याच्या मॉडेलपेक्षा यावर जास्त अवलंबून असते. डिसेंबरअखेर आपल्या अक्षांशावर सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही. तो सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो आणि तितकाच दक्षिणेकडे सरकून मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच असतो. मे महिन्यासारखा डोक्यावर येत नाही. म्हणून हिवाळ्यात उजेड जास्त वेळ तिरपा आणि कामाचा राहतो, आणि उत्तर काठावर बसणाऱ्याच्या डोळ्यांत दिवसभर ऊन येते. सकाळी पूर्व किंवा आग्नेय काठ, दुपारनंतर नैर्ऋत्य काठ, एवढे सूर्याचे झाले.

वाऱ्याचे वेगळे आहे. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतो आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उडतो. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा उत्तर ते पूर्व या बाजूंनी येतो आणि सकाळी मंद असतो. पूर्व काठावर पश्चिमेकडे तोंड करून बसले की सूर्य डाव्या खांद्यामागे, वारा उजव्या खांद्यामागे. रात्री शेतात चरून परतणारे पट्टकादंब मग तिरपे समोरून, छाती आणि डोळा दाखवत उतरतात. इतक्या साध्या जागेवर बसून जे मिळते ते दिवसभर पाळीवरून हिंडून मिळत नाही. दुपारनंतर हे गणित उलटते. सूर्य पश्चिमेला गेलेला, वारा तोच. सूर्य पाठीशी घेतला की उतरणारे पक्षी पाठमोरे. त्या वेळी दक्षिण काठावर सरकून आडव्या उडणाऱ्या पक्ष्यांवर समाधान मानावे. वारा पडलेला असेल तर सूर्यापुरतेच पाहावे. वारा कुठला, हे ओळखायला चिमूटभर तणीस वर उडवली की पुरे.

गावतलावाची रचनाही पाहावी लागते. पाळ एका बाजूला, तुडुम (पाणी सोडायची मोरी) आणि सलंग (सांडवा) त्याच अंगाला, आणि पाणी जिकडून येते ती वरची बाजू उथळ. डिसेंबर-जानेवारीत रब्बीला पाणी सुटू लागले की हीच उथळ बाजू उघडी पडते, चिखल दिसतो, देवधानाचे (रानटी भाताचे) दाणे पाण्यात पडलेले असतात. बदके चरतात ती इथे. तुतवार, शेकाट्या, धोबी यांची गर्दीही इथेच. लोक मात्र पाळीवर उभे राहतात, कारण रस्ता तिथवर जातो. दहा-पंधरा फूट उंच पाळीवरच्या माणसाची आकृती मागच्या आभाळावर ठळक उठते आणि तलावातल्या प्रत्येक पक्ष्याला ती दिसते. शिवाय वरून काढलेल्या फोटोत बदकाची पाठ आणि खाली राखाडी पाणी, एवढेच येते. लेन्स पाण्यापासून फूट-दीड फूट उंचीवर आणली की तेच बदक डोळ्याला डोळा देते आणि मागचा काठ धूसर होऊन जातो. पाळीवर जावेच लागले तर तिच्या कोरड्या बाजूने पायथ्यापायथ्याने जावे आणि फक्त डोके वर येईल इतकेच चढावे.

लपण करायला महागडा तंबू लागत नाही. पाच फुटांचे चार बांबू, धानाची बारदानी उसवून शिवलेले कापड, बसल्यावर डोक्याच्या थोडे वर येईल अशी चार फूट उंची, आणि लेन्ससाठी फूटभर रुंद, आठ इंच उंच खिडकी. खिडकी डोळ्याच्या उंचीवर ठेवण्याची चूक बहुतेक जण करतात. ती जमिनीपासून फूटभरावर हवी, कारण आपण लेन्स टेकवून वाकून पाहणार असतो. बारदान सैल राहिले तर वाऱ्याने फडफडते आणि पक्षी आठ दिवस फिरकत नाहीत. खालच्या कडेला माती टाकून ते ताणून घ्यावे. लपण दोन-तीन दिवस आधी, दुपारी, पक्षी पाण्याच्या मध्यावर असताना उभे करून सोडून द्यावे. झाकायला काठावरचे देवधान किंवा लव्हाळे तोडू नये. बेशरमाची झुडपे हवी तेवढी तोडा, कुणी काही म्हणणार नाही. ग्रामपंचायतीला आणि मासेमारी सोसायटीला आधी विचारावे. जाळे कोणत्या दिवशी टाकणार हे ढिवरांनाच ठाऊक असते, आणि त्या दिवशी लपणात बसणे म्हणजे रिकाम्या पाण्याकडे पाहणे.

लपणात शिरायची वेळ सूर्योदयाच्या किमान पाऊण तास आधीची. डिसेंबरअखेर गोंदियाकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, बुलढाण्याकडे त्यानंतर साधारण पंधरा मिनिटांनी. उजाडल्यावर शिरायचे झाले तर दोघांनी जावे आणि एकाने परत निघून यावे. आत किती गेले आणि बाहेर किती आले याचा हिशेब पक्षी सहसा ठेवत नाहीत; माणूस गेला एवढेच त्यांना कळते. बाहेर पडतानाही हीच युक्ती उलट वापरावी, नाहीतर तीन तास शांत बसून शेवटी सारा तलाव उडवल्याचे पाप पदरी पडते.

लपणात लेन्स टेकवायला तिपाईपेक्षा पिशवी बरी. जुन्या जीन्सच्या पायाचा गुडघ्याखालचा भाग कापावा, एक टोक शिवावे, दोन किलोच्या आसपास धान भरावे आणि दुसरे टोक बांधावे. पिशवी दोन-तृतीयांशच भरायची. ठासून भरली तर ती दगडासारखी होते आणि लेन्स वरून घसरते. सैल असली तर लेन्स तीत खोबण करून बसते. तांदूळ भरू नये, दहिवराने ओला झाला की दोन दिवसांत आंबट वास सुटतो. कोंडा हलका पडतो, लेन्स डुलते.

दहिवराचा त्रास लेन्सलाही होतो. उघड्या आभाळाखाली पहाटे समोरची काच हवेपेक्षा थंड होते आणि तिच्यावर बाष्प धरते. हूड लावलेला असेल तर हे उशिरा होते. पुसत बसू नये, सुती कापडाने आडोसा करून वाट पाहावी. खरा धोका घरी परतल्यावर असतो. गारठलेला कॅमेरा चूल पेटलेल्या घरात नेला की आतल्या काचांवरही पाणी धरते. बाहेरच असताना तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि घरात आणल्यावर तासभर उघडू नये. बॅटरीही थंडीत लवकर उतरते. जादाची आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी.

सेटिंगचे थोडक्यात. शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद, पोहणाऱ्याला १/१०००, उडणाऱ्या पट्टकादंबाला १/२०००, चक्रांगासारख्या चपळ लहान बदकाला १/३२००. ॲपर्चर लेन्स जितके उघडेल तितके, म्हणजे बहुधा एफ ५.६ किंवा ६.३. आयएसओ ऑटोवर सोडून वरची मर्यादा ६४०० घालावी. फोटो थोडा दाणेदार आला तर छपाईत कळत नाही. हललेला मात्र लगेच कळतो. ६०० मिलिमीटर आणि एफ ६.३ ला ३० मीटरवर सुमारे एकच मीटर खोली धारदार येते, म्हणून थव्यातली पुढची-मागची सगळी बदके स्पष्ट यावीत अशी अपेक्षा ठेवू नये; एक ओळ निवडावी. सायलेंट शटरने आवाज होत नाही, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याने उडत्या पंखांचा आकार वाकडा येतो.

उजेड मोजताना कॅमेरा फसतो, कारण त्याला सगळे जग करड्या रंगाचे करायचे असते. काळपट पाण्यावरचा पांढराशुभ्र मोठा बगळा जळून जातो. तिथे एक्स्पोजर पाऊण ते एक पायरी कमी करावे. चमकत्या पाण्यावरचा पाणकावळा किंवा वारकरी नुसता काळा डाग होतो. तिथे तेवढेच वाढवावे. धुक्यात एक पायरी वाढवावी, नाहीतर धुके मळकट दिसते.

आणि पक्ष्याकडे पाहावे. उडण्याच्या बराच आधी तो सांगत असतो. चरणारे बदक चोच पाण्यातून काढते आणि मान ताठ करते. एकाने केली तर काही नाही. पाच-सहांनी केली की आपण जवळ आलो आहोत. मग ती पोहत-पोहत आपल्यापासून दूर सरकू लागतात, सगळ्यांची तोंडे एका दिशेला होतात, आवाज वाढतो. मान ताठ झाली तिथेच थांबून खाली बसले तर पाच-दहा मिनिटांत चोची पुन्हा पाण्यात जातात. त्याच्यापुढचे एक पाऊल थवा उठवते. लालसरीला उठायला पाण्यावरून धावावे लागते, म्हणून तिचा धीर लवकर सुटतो. तलवार बदक आणि चक्रांग जागेवरून सरळ वर उसळतात. ढिवरांचा डोंगा रोजच्या चालीने जवळून गेला तर लालसऱ्या नुसत्या बाजूला होतात. त्याच अंतरावर माणूस थांबून रोखून पाहू लागला की उडतात. डोंगा भाड्याने घेऊन थव्यात घालणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. ड्रोनविषयी काय लिहावे? वरून घोंघावत येणारी वस्तू बदकांच्या लेखी शिकारी पक्षीच असते. दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी लव्हाळ्यावरून फिरला तर थवा उठतो आणि दहा मिनिटांत परत बसतो. ड्रोनने उठलेला दुसऱ्या तलावावर जातो.

हिमालय ओलांडताना सात हजार मीटरच्या वर गेल्याची नोंद असलेला पट्टकादंब आपल्या बोडीवरून पुन्हा पुन्हा उठवला गेला, तर त्याची मार्चमधल्या परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी तिथेच जळते.

सारसाचे वेगळे लिहिले पाहिजे. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया आणि थोडा भंडारा जिल्ह्यात उरला आहे, इतका थोडा की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत घरटे, आणि हिवाळ्यात जोडी पिलासह शेतात चरून संध्याकाळी उथळ तलावात पाण्यात उभी राहून रात्र काढते. पिलाचे डोके तांबूस-तपकिरी, आईबापांचे लालभडक. रात्रीच्या मुक्कामाच्या जागेवरून ती एकदा उठली तर अंधारात दुसरी सुरक्षित जागा शोधणे तिला अवघड जाते. म्हणून संध्याकाळी पाचनंतर त्या तलावावर कुणी थांबू नये. सकाळी शेतात चरणारी जोडी रस्त्यावरून, गाडीत बसून, इंजिन बंद करून टिपावी. पाच फुटांपेक्षा उंच पक्ष्याला शंभर मीटर काहीच नाही. तिथे ४०० ची लेन्स भरपूर होते. उडण्याआधी सारस वाऱ्याकडे तोंड करतो, मान पुढे झुकवतो आणि काही पावले धावतो. आपण गाडीतून उतरलो आणि त्याने मान झुकवली, तर परत गाडीत बसावे. फोटो काढताना डोक्याचा लाल रंग आधी जळतो. एक्स्पोजर थोडे कमी ठेवावे.

पश्चिम विदर्भात, कारंजा-सोहोळच्या माळावर काळवीट किंवा भोवत्ये टिपायचे तर हेच, फक्त पाणी नाही. गाडी हेच लपण. बॉनेटवरून टिपू नये, तापलेल्या इंजिनावरची हवा वर सांगितलेलाच घोटाळा करते.

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून. पहाटेच्या अंधारात शेतातून, धुऱ्याने (शेताच्या बांधाने) तलावाकडे जाऊ नये. रानडुकरांपासून पीक राखायला काही ठिकाणी तारेत चोरून वीज सोडलेली असते आणि त्यात माणसे गेली आहेत. गाडीवाटेनेच जावे, गावातला माणूस सोबत घ्यावा. घोणस हिवाळ्यातही हिंडते. पाळीवरच्या वाळल्या गवतात पायाआधी बॅटरीचा उजेड पडला पाहिजे. जंगलालगतच्या तलावावर, विशेषतः ब्रह्मपुरी, नवेगाव भागात, पहाटे एकट्याने काठावर खाली बसणे धाडसाचे नाही, मूर्खपणाचे आहे. वाकून बसलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही.

आता आपल्याकडून अपेक्षा. थवा पाठमोरा असलेले छायाचित्र छापू नये, कितीही छान दिसत असले तरी. घरट्यातले पक्षी आणि अंडी यांची छायाचित्रे तर मुळीच नकोत. सारस, तणमोर, रानपिंगळा यांच्या छायाचित्राखाली गावाचे किंवा तलावाचे नाव न देता फक्त जिल्हा आणि महिना द्यावा. नाव छापले की पुढच्या रविवारी तिथे गाड्या उभ्या राहतात. छायाचित्र पाठवणाऱ्याकडून अंतर, लेन्स आणि वेळ मागवावी आणि तीच ओळ ‘मुक्त भरारी’च्या जागी छापावी. ‘१०० मीटर, ४०० मिलिमीटर, सकाळी ७.२०, लपणातून’ असे वाचले की नव्याने कॅमेरा घेणाऱ्या पोराला पद्धत आपोआप कळते.

आपले,
मामा तलावांच्या काठचे काही पक्षीनिरीक्षक
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

ता. क. – अडई आणि हळदीकुंकू बदक यांच्या छायाचित्रांखाली ‘सैबेरियातून आलेले पाहुणे’ असे वारंवार छापून येते. ही दोन्ही बदके इथलीच आहेत, इथेच अंडी घालतात. हळदीकुंकवाची चोच टोकाला पिवळी आणि कपाळाजवळ दोन लाल ठिपके, यावरून ते लांबूनही ओळखू येते. अडई लहान, तपकिरी, आणि उडताना शिट्टी घालते. पाहुणे म्हणायचेच तर तलवार बदक, थापट्या, चक्रांग, दोन्ही लालसऱ्या, चक्रवाक आणि पट्टकादंब यांना म्हणावे.